बाग पाहावी पाण्याच्या वाटेने

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

ऐतिहासिक स्थळ पाहायला गेलेला माणूस आधी इमारत पाहतो. घुमट किती उंच, दगड कुठला, बांधले कोणी, खर्च किती आला, असे प्रश्न तो विचारतो आणि त्यांची उत्तरे मिळाली की त्याचे समाधान होते. इमारतीभोवतीची बाग म्हणजे त्याच्या लेखी फाटकापासून इमारतीपर्यंत जाण्याची वाट. फार तर तिथे डबा सोडावा, दोन फोटो काढावेत आणि पुढे निघावे. परंतु ज्यांनी या वास्तू उभारल्या त्यांच्या मनात बाग ही मागाहून सुचलेली सजावट नव्हती. पाणी, बाग आणि इमारत ही तिन्ही मिळून त्यांची एकच कल्पना होती. त्यातले पाणी आज सर्वांत कमी दिसते, म्हणून आपण ते विसरतो.

यंदा आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाची अभ्याससहल औरंगाबादला, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरला गेली होती. त्या एका दिवसात आम्ही 'बीबी का मकबरा' आणि 'पाणचक्की' ही दोन स्थळे पाहिली. प्रस्तुत लेखात या दोन्ही स्थळांच्या इमारतींपेक्षा त्यांच्या आवाराबद्दल, विशेषतः बागेबद्दल आणि बागेला जगवणाऱ्या पाण्याबद्दल लिहिण्याचा विचार आहे.

असा विषय मी का निवडला हे सांगणे जरूर आहे. मी जालना जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावची. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. कमान, घुमट, मिनार यांचे प्रकार मला पुस्तकातून पाठ करावे लागतात. पण पाणी कुठून येते, किती उरते आणि कुणाच्या वाट्याला जाते हे मला कुणी शिकवावे लागले नाही. आमच्या घरी धान्याच्या कोठीमागे एक पत्र्याचा डबा आहे. उन्हाळ्यात पाणी विकत घ्यायचे पैसे त्या डब्यातून जातात. सहलीची वर्गणीही त्यातूनच निघाली. देताना आई एवढेच म्हणाली, "जा, पण काय पाहिलंस ते आल्यावर नीट सांग." हा लेख म्हणजे काही अंशी तो हिशेब आहे.

चारबाग म्हणजे काय?

मोगलांच्या बागेला 'चारबाग' म्हणतात. चौकोनी जागेभोवती उंच भिंत, मधोमध एकमेकांना छेदणारे दोन पाट आणि त्यामुळे पडलेले चार भाग, अशी तिची साधी रचना असते. ही कल्पना मोगलांची नव्हे. ती इराणातून आली. इराणात पसारगादी येथे सायरस राजाने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात केलेल्या बागेचे दगडी पाट उत्खननात सापडले आहेत. भिंतीने वेढलेल्या जागेला प्राचीन इराणी भाषेत जो शब्द होता, त्यापासूनच 'फिरदौस' आणि इंग्रजीतला 'पॅरडाइस' हे स्वर्गवाचक शब्द निघाले. पुढे कुराणातील स्वर्गाच्या वर्णनात पाणी, दूध, मद्य आणि मध यांचे प्रवाह आले, आणि बागेतल्या चार पाटांना त्या चार प्रवाहांचा अर्थ मिळाला. मेलेल्या माणसाची कबर अशा बागेत ठेवणे म्हणजे त्याला स्वर्गात जागा मिळो अशी प्रार्थना करणे होय.

हे वाचताना मला एका गोष्टीचे विशेष वाटले. ज्या प्रदेशात पाणी मुबलक असते तिथल्या लोकांना स्वर्ग म्हणजे वाहते पाणी असे सुचत नाही. कोरड्या देशातल्या माणसालाच असा स्वर्ग सुचतो. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना स्वर्ग कसा असेल असे विचारले, तर बारमाही वाहणारा ओढा आणि काठावर आंब्याची सावली याहून ते फारसे वेगळे सांगणार नाहीत.

बाबराने १५२६ साली पानिपतची लढाई जिंकली आणि तो आग्र्याला आला. हिंदुस्थानातील बागांत आणि घरांत वाहते पाणी नाही, ही तक्रार त्याने आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे. काबूलच्या डोंगरउतारावर पाणी आपणहून खाली वाहत येत असे. आग्र्याच्या सपाट जमिनीत ते खालून वर काढणे भाग होते. म्हणून त्याने यमुनेकाठी विहीर खोदून रहाट बसवला आणि मग बाग केली. पुढे शहाजहानने ताजमहाल बांधला, तेव्हाही हाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर बैलांच्या खांद्यावर होते. यमुनेचे पाणी बैलांच्या बळावर चामड्याच्या मोटांनी टप्प्याटप्प्याने वर चढवीत, उंचावरच्या टाक्यांत साठवीत आणि तिथून नळांनी बागेत सोडीत. ताजच्या कारंज्यांखाली प्रत्येकी एक तांब्याचे भांडे बसवलेले आहे. नळातले पाणी आधी सगळ्या भांड्यांत भरते आणि मग एकाच जोराने सर्व कारंजी उडतात. जवळचे उंच आणि लांबचे खुजे असा भेद होत नाही.

माझ्या आजोबांनी तरुणपणी मोट हाकली आहे. बैल धावेवरून खाली जातात, मोट वर येते, थारोळ्यात पाणी पडते आणि पाटाने वाफ्यांकडे निघते, हे सगळे त्यांनी मला अनेकदा सांगितले आहे. ताजमहालाची बागही मोटेवरच भिजत होती, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "बैलजोड्या किती होत्या?" इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही हाच प्रश्न आधी विचारायला हवा असे मला वाटते.

सासू आणि सून

आता मकबऱ्याकडे येऊ. ही कबर दिलरस बानू बेगम हिची. औरंगजेबाशी तिचे लग्न १६३७ साली झाले. १६५७ च्या सप्टेंबरात तिला मुलगा झाला आणि महिनाभरातच, ८ ऑक्टोबर १६५७ रोजी, ती याच शहरात वारली. मरणोत्तर तिला 'राबिया-उद्-दौरानी' असे म्हणू लागले. ताजमहालात चिरनिद्रा घेणारी मुमताजमहल ही औरंगजेबाची आई. तीही १६३१ साली बऱ्हाणपूरला बाळंतपणातच गेली. म्हणजे ताज आणि मकबरा या सासू-सुनेच्या बागा आहेत, आणि दोघींचेही मरण बाळंतपणाचे आहे. बादशहाच्या घरातही ते चुकले नाही. आमच्या गावात जुन्या बायका अजूनही बाळंतपणाला दुसरा जन्म म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ कबरीपाशी उभे राहिल्यावर मला अधिक कळला.

मकबरा शाहजादा आजमशहाने आईच्या स्मरणार्थ बांधला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आजमशहाचा जन्म १६५३ चा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि १६६० च्या सुमारास बांधकाम पुरे होत आले तेव्हा सात वर्षांचा. दुसरीतिसरीतल्या मुलाने एवढे काम उभे केले नसणार, हे उघड आहे. तेव्हा हे काम औरंगजेबाच्या हुकुमाने व खर्चाने झाले, असे अनेक अभ्यासक मानतात आणि ते सयुक्तिक वाटते. पाठ्यपुस्तकातले वाक्य वहीत उतरवण्यापूर्वी त्यातली दोन सालांची वजाबाकी करून पाहावी, हा या सहलीतून मिळालेला एक छोटा धडा.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांपैकी दोघांची नावे मात्र मुख्य दरवाजावरच्या लेखात आहेत: वास्तुरचनाकार अताउल्ला आणि स्थापत्याची बाजू सांभाळणारा हंसपतराय. अताउल्ला हा ताजच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. पर्यटक सहसा या दरवाजातून भराभर आत जातात. तिथे थांबून ही दोन नावे लक्षात ठेवावीत, कारण एवढ्या मोठ्या आवारात काम करणाऱ्यांची एवढीच नावे आपल्यापर्यंत आली आहेत. खर्चाचा आकडा 'तारीखनामा' या ग्रंथाच्या आधारे ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे असा दिला जातो. सात आण्यांपर्यंतचा हिशेब उरला. रोपे लावणाऱ्यांची आणि रात्री उठून दारे धरणाऱ्यांची नावे उरली नाहीत.

फ्रेंच व्यापारी तावेर्निये याने या बांधकामाबद्दल एक नोंद केली आहे. वाटेत त्याला संगमरवराने लादलेल्या तीनशे गाड्या भेटल्या आणि त्यातल्या लहानात लहान गाडीला बारा बैल जुंपलेले होते. म्हणजे कमीत कमी तीन हजार सहाशे बैल. आमच्याकडे उन्हाळ्यात एका बैलाला दिवसाला तीन घागरी पाणी लागते असे वडील धरतात. त्या हिशेबाने या एका तांड्याला रोज दहा हजारांवर घागरी पाणी लागत असणार. वाटेतल्या ज्या गावांनी ते दिले, त्यांच्या विहिरींनीही या बागेला पाणी दिले असेच म्हटले पाहिजे.

नक्कल की वेगळी वाट?

मकबऱ्याला 'दख्खनचा ताज' म्हणतात. काही जण 'गरिबांचा ताज' असेही म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्यांनी गरिबी जवळून पाहिलेली नसावी. सगळा मकबरा संगमरवरी नाही, हे खरे आहे. खालचा भाग आणि वरचा घुमट संगमरवराचा. मधल्या भिंती आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या असून त्यांवर पांढरा गुळगुळीत गिलावा आणि त्यात नक्षी आहे. ताजशी तुलना केली की मकबऱ्याचे मिनार जाड आणि इमारत आखूड वाटते, हेही खरे. पण ही सारी तुलना इमारतीची झाली. बागेच्या अंगाने पाहिले की वेगळी गोष्ट दिसते.

ताजमहाल आपल्या बागेच्या मध्यावर नाही. तो बागेच्या उत्तर टोकाला, यमुनेच्या अगदी काठावर आहे. दरवाजातून आत गेले की सगळी बाग ओलांडल्यावर तो येतो. मकबरा मात्र बागेच्या मधोमध आहे. चारही बाजूंनी बाग आणि मध्ये उंच चौथऱ्यावर इमारत. ही रचना ताजची नव्हे, तर १५७० च्या सुमारास दिल्लीत झालेल्या हुमायूनच्या कबरीची आहे. म्हणजे सुनेच्या इमारतीने रूप सासूच्या इमारतीचे घेतले, पण बागेतली जागा आजेसासऱ्याच्या आजोबाच्या कबरीवरून ठरली. जो फक्त घुमट पाहतो त्याला नक्कल दिसते. जो बाग चालून पाहतो त्याला तीन पिढ्यांची जुनी परंपरा दिसते.

या आवाराची लांबी दक्षिणोत्तर सुमारे ४५८ मीटर आणि रुंदी सुमारे २७५ मीटर आहे. प्रवेश दक्षिणेकडून. दरवाजातून समोर पाहिले की मधल्या वाटेवर हौद आणि त्यांत कारंज्यांची लांब ओळ. ही कारंजी साठाच्या वर आहेत. चौथऱ्यावर चढून आत गेले की कबर आपल्या पायांच्या पातळीला नाही, खाली आहे. अष्टकोनी जाळीच्या कठड्यातून वाकून खाली पाहावे लागते. बादशहाच्या राणीकडेही वाकूनच, पण खाली पाहायचे, ही रचना मला फार विलक्षण वाटली. तिथे येणाऱ्या प्रत्येकाची मान आपोआप खाली होते, विहिरीत डोकावताना होते तशी.

वाफा आणि हिरवळ

चौथऱ्यावरून चारी बाजूंची बाग खाली दिसते. आज आपल्याला मोगल बाग म्हटले की सपाट कापलेली हिरवळ आठवते. पण ही हिरवळ बरीच अलीकडची आवड आहे. १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झनने ताजच्या बागेची फेरमांडणी करवली, तेव्हा तिथे विलायती धर्तीची हिरवळ आली. मूळच्या मोगल बागांत फळझाडे आणि फुलझाडे दाट असत. चालण्याच्या वाटा उंच आणि लागवडीचे चौकोन खाली ठेवीत. पाटाने पाणी आले की ते या खोलगट चौकोनात पसरे आणि जिरे.

हे वाचल्यावर मला हसू आले, कारण हा आमचा वाफाच झाला! वरंबा उंच, वाफा खाली; एक भरला की दार मोडून पाणी दुसऱ्यात सोडायचे. चारबाग म्हणजे बादशाही थाटाचे चार मोठे वाफे, असे मी म्हटले तर सर रागावणार नाहीत अशी आशा आहे. आपल्या शेतातले शब्द घेऊन ऐतिहासिक वास्तूकडे गेले, तर ती परकी वाटत नाही. उलट पुस्तकात चार पाने घेणारी गोष्ट एका शब्दात कळते.

आवारात काही बायका खुरपी घेऊन गवत वेचत बसल्या होत्या. मी त्यांच्यापाशी बसले. त्यांतल्या एकीने माझे गाव विचारले, पाऊस विचारला, मग म्हणाली, "झाड तग धरतं बाई. त्याचं मूळ पाणी हुडकत खाली जातं. गवताला मात्र रोज द्यावं लागतं." कमी पाण्याच्या मुलखात फळझाडांची बाग आणि हिरवळीची बाग यांत काय फरक पडतो, हे याहून थोडक्यात सांगता येईल असे मला वाटत नाही.

पाणी आले कुठून?

कारंजे उडायचे तर कारंज्याच्या तोंडाहून उंच ठिकाणी पाणी साठलेले असले पाहिजे. हा निसर्गाचा नियम आहे, त्याला बादशहाचा हुकूम चालत नाही. तेव्हा साठावर कारंजी असलेली बाग पाहिली की मान वळवून उंच जागा शोधावी. मकबऱ्याच्या चौथऱ्यावरून उत्तरेकडे पाहिले की डोंगर दिसतात. या शहराच्या पाण्याची गोष्ट त्या डोंगरांपासून सुरू होते, आणि ती औरंगजेबाच्या आधीची आहे.

त्या गोष्टीचा नायक मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० साली त्याने खडकी येथे शहर वसवले. नावाप्रमाणेच खडकाळ जागा! पाणी जवळ नाही, तेव्हा त्याने उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याशी जमिनीखालून बोगद्यासारखी वाट खोदून घेतली. डोंगरात मुरलेले पाणी या वाटेत पाझरते आणि केवळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत येते. ठराविक अंतरावर वर विहिरीसारखी तोंडे ठेवली, म्हणजे हवा खेळती राहते आणि माणूस उतरून गाळ काढू शकतो. हीच 'नहर-ए-अंबरी'. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झालेल्या या कामाला ना इंजिन लागले, ना बैल. मलिक अंबर १६२६ साली वारला. औरंगजेबाने १६५३ साली दख्खनचा सुभेदार असताना शहराला स्वतःचे नाव दिले. नावे बदलत गेली. उतार तोच राहिला.

या परंपरेतली पुढची नहर पाणचक्कीला पाहायला मिळते. मकबऱ्यापासून जवळच, खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर या सुफी संताचा दर्गा आहे. मध्य आशियातल्या बुखाऱ्याजवळून ते इथे आले होते. या आवारात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पाण्यावर चालणारी चक्की बसवण्यात आली. दुरून डोंगराकडून खापरी नळांतून पाणी येते, एका उंच भिंतीतून वर चढते आणि तिथून हौदात कोसळते. पाणी वर कसे चढते, याचे आमच्यातल्या अनेकांना नवल वाटले. पण गवंडी दोन टोकांची पातळी पाहायला पाण्याने भरलेली नळी धरतो, ती आठवावी. बंद नळातले पाणी जिथून निघाले, जवळजवळ त्या उंचीपर्यंत आपणहून चढते. मधली जमीन कितीही खाली असो.

या पाण्याच्या जोराने पात्यांचे चाक फिरे आणि त्यावर बसवलेल्या जात्यात पीठ पडे. दर्ग्यात येणारे यात्रेकरू, फकीर आणि तिथे शिकणारे विद्यार्थी यांच्यासाठी हे दळण होते. घरी जाते ओढलेल्या बाईलाच कळेल की या चाकाने किती दंड वाचवले असतील. हौद ही एका दालनाची छत आहे. वर पाणी असल्याने खालचे दालन उन्हाळ्यात गार राहते. शेजारी भला मोठा वड आहे. म्हणजे एकाच पाण्याने दळण केले, हौद भरला, दालन गार ठेवले आणि झाडे जगवली. आमच्या घरी भाजी धुतलेले पाणी तुळशीला जाते, त्याच जातीचे हे शहाणपण आहे, फक्त दगडात बांधलेले.

दोन बागांचा हिशेब

मकबरा आणि पाणचक्की एका दिवसात पाहिल्यामुळे एक प्रश्न मनात राहिला. दोन्हीकडे पाणी डोंगराच्या बाजूचे, दोन्हीकडे भिंत, हौद आणि झाडे. एका ठिकाणी पाण्याने मृत राणीसाठी स्वर्गाचे चित्र काढले, दुसऱ्या ठिकाणी भुकेल्यांसाठी पीठ दळले. तेव्हा पहिले वाया गेले आणि दुसरे सत्कारणी लागले, असे म्हणावे काय?

माझ्या मते इतका सोपा निवाडा करता येत नाही. मी ज्या गावातून येते तिथे सुंदर वस्तूला जागा कमी असते, म्हणून तिची किंमत कमी नसते. आमच्या दारात उन्हाळ्यात पाणी विकत घेतात, तरी आईने मोगऱ्याचे एक आळे कधी सुकू दिलेले नाही. तेव्हा बाग करणे हा गुन्हा नव्हे. बागेच्या पाण्यात आणखी कुणाचा वाटा होता आणि कुणाचा नव्हता, हे विचारणे मात्र आपले काम आहे. अंबरने आणलेले पाणी शहरातल्या लोकांपर्यंत गेले, पाणचक्कीचे पाणी येणाऱ्याजाणाऱ्याला मिळाले. बागेची थोरवी कारंज्यांच्या उंचीवर ठरवू नये. पाटाचे शेवटचे टोक कुठे जाते ते पाहून ठरवावी.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. मी तेव्हा लहान होते. पण रेल्वेतून पाणी येते ही बातमी ऐकून आमच्या आळीतल्या बायका भरल्या हंड्यानिशी थांबल्या होत्या, हे मला आठवते. औरंगाबाद शहराला पुढे मोठा आधार झाला तो पैठणच्या जायकवाडी धरणाचा. १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. तिथले पाणी विजेच्या पंपांनी वर चढवून शहरात आणावे लागते. अंबरचे पाणी उतरत आले, आजचे पाणी चढत येते. वाढलेल्या शहराला जुन्या नहरी पुरणार नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु उताराने येणारे पाणी आधी शोधावे आणि चढवायचे मग चढवावे, एवढी अक्कल त्या बोगद्याकडून घेण्यास हरकत नाही.

पुढे जाणाऱ्यांसाठी

पुढील वर्षी ज्या मित्रमैत्रिणी या सहलीला जातील त्यांच्यासाठी थोड्या सूचना कराव्याशा वाटतात. आधी पाणचक्की पाहावी, मग मकबरा. म्हणजे पाणी कसे येते हे कळल्यावर बाग पाहता येईल. मकबऱ्याच्या दरवाजावरची दोन नावे आवर्जून पाहावीत. मधल्या वाटेने सरळ इमारतीकडे धाव न घेता एकदा आवाराच्या भिंतीच्या कडेने चालावे, म्हणजे चार भाग पायांना समजतात. चौथऱ्यावर चढल्यावर घुमटाकडे पाठ करून उत्तरेचे डोंगर पाहावेत. आणि गवत वेचणाऱ्या बायका दिसल्या, तर दोन मिनिटे त्यांच्याशी बोलावे.

शेवटी आपल्या वार्षिकाच्या वाचकांना आणि सरांना एक विनंती. नहर-ए-अंबरीवर विद्वानांनी लिहिले आहे, पुढेही लिहितील. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या गावात एखादी बारव, एखादा आड, एखादा दगडी पाट असतोच. त्यांची नोंद करायला बाहेरून कोणी येणार नाही. ज्यांनी त्यांवर पाणी भरले ती माणसे अजून हयात आहेत, आणि दर वर्षी त्यांतली काही कमी होतात. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावच्या एका जुन्या पाणवठ्याची माहिती लिहून आणावी: खोली किती, पायऱ्या किती, बांधला कुणी असे लोक सांगतात, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते आणि तिथे पाणी भरायची मुभा पूर्वी कुणाला नव्हती. हा शेवटचा प्रश्न गाळू नये. मी माझ्या गावच्या बारवेपासून सुरुवात केली आहे. गाळ साचल्यामुळे आज तिच्या एकोणीस पायऱ्या मोजता येतात. आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे त्याखाली आणखी बऱ्याच आहेत.